घरच्या घरी मधुमेह: वृद्ध रुग्ण आणि त्यांचे मन

मधुमेहाचा उपचार दवाखान्यात फारसा होतच नाही. डॉक्टर औषध लिहून देतात, तपासण्या सांगतात. पण ताटात काय घ्यायचे, किती चालायचे, गोळी केव्हा गिळायची, सुई टोचायची की आजचा दिवस सोडून द्यायचा, पायाची जखम कोणाला दाखवायची की मोजा घालून झाकायची, हे सारे रुग्णच ठरवतो. दिवसातून अनेकदा ठरवतो आणि बहुतेक वेळा एकटाच. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या या ठरवण्यात आणखी बरेच काही मिसळलेले असते: मंदावलेली नजर, गमावलेला जोडीदार, लहानपणी घरात पाहिलेला कोणाचा तरी कापलेला पाय, मुलांवर आपला भार पडेल ही धास्ती. वैद्यकाचे लक्ष या गोष्टींकडे फार उशिरा गेले. त्याआधी दीर्घकाळ रुग्णाचे पथ्य मोडले म्हणजे रुग्णाचा स्वभावच कच्चा, एवढ्यावर विचार थांबत असे.

प्राचीन ग्रंथ या बाबतीत नंतरच्या काही शतकांपेक्षा अधिक समजूतदार वाटतात. सुश्रुतसंहितेत जन्मजात प्रमेह आणि अपथ्यातून जडलेला प्रमेह वेगळे मानले आहेत. चरकसंहिताही स्थूल, बलवान रुग्ण आणि कृश, दुर्बळ रुग्ण यांच्यासाठी वेगळी चिकित्सा सांगते. सुश्रुताने निर्धन, आप्त नसलेल्या रुग्णाला पायात काही न घालता, छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजने चालायला सांगितले. कोणाला विहिरी खणायला, कोणाला गाईंमागे राहायला सांगितले. कृश रुग्णाची मात्र जपणूक करावी, असेही बजावले. उपचार कठोर खरे, पण ते माणूस आणि त्याची परिस्थिती पाहून बेतलेले आहेत. म्हातारपण आणि अशक्तपणा एकत्र आले तर शंभर योजनांचा नियम लागू करायचा नाही, इतकी सूट त्या मांडणीतच आहे.

युरोपात १६७४ साली थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने अशा रुग्णांच्या लघवीला मधासारखी गोडी असते असे लिहिले आणि रोगाच्या कारणांत दीर्घकाळच्या दुःखाचाही समावेश केला. मन आणि मधुमेह यांचा संबंध युरोपीय वैद्यकात इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा आला तो येथे. पण पुढची दोनशे वर्षे तो तसाच पडून राहिला. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ही गोडी साखरेचीच असल्याचे दाखवले आणि विचाराचा सगळा ओघ रसायनाकडे वळला. १७९७ मध्ये जॉन रोलो या लष्करी वैद्याने मांसप्रधान आहाराचा उपचार प्रसिद्ध केला. आहार बदलला की साखर उतरते, हे आता दिसू लागले. त्याबरोबरच रुग्ण तो आहार पाळत नाहीत ही वैद्यांची तक्रारही सुरू झाली, आणि ती आजतागायत थांबलेली नाही.

या तक्रारीला एकोणिसाव्या शतकात दोन अगदी वेगळी उत्तरे मिळाली. पॅरिसच्या अपोलिनेर बुशार्दाने १८७०-७१ च्या वेढ्यात अन्नाची टंचाई झाली तेव्हा आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होताना पाहिली. कमी खा, अंगमेहनत करा, हा सल्ला त्याने आयुष्यभर दिला. आणि रुग्णाने आपली लघवी रोज स्वतः तपासावी असा आग्रह धरला. नेपल्सच्या आर्नाल्दो कांतानीने रुग्णांना खोलीत कुलूपबंद करून ठेवले, म्हणजे चोरून खाण्याची सोयच उरू नये. जर्मन वैद्यकातले मोठे नाव असलेल्या बर्नहार्ड नाउनिननेही प्रसंगी हाच मार्ग धरला. तपासणीची सामग्री रुग्णाच्या हाती द्यायची की दाराला कुलूप घालायचे, या दोन टोकांमध्ये मधुमेहाचा उपचार पुढे बराच काळ हेलकावत राहिला.

बोस्टनच्या इलियट जोस्लिन (१८६९-१९६२) यांनी पहिली वाट निवडली आणि तिला संस्थेचे रूप दिले. उतारवयातला मधुमेह त्यांना घरातूनच ठाऊक होता. त्यांच्या रुग्णवहीतल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये त्यांची स्वतःची आई आहे. इन्सुलिन नसलेल्या काळात केवळ आहार सांभाळून ती अनेक वर्षे जगली. १९२१ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्यांनी न्यू इंग्लंडमधल्या एका शांत गावातल्या शेजारशेजारच्या तीन घरांची हकीकत दिली. त्या घरांत राहून गेलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी एक सोडून सगळे मधुमेहाने गेले होते. हेच मृत्यू एखाद्या साथीच्या रोगाने झाले असते तर गाव हादरले असते, पण वयस्क माणसे एकेक करून गेली म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही, हे त्यांचे दुखणे होते.

१९१८ मध्ये जोस्लिन यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी एकच पुस्तिका काढली. रुग्णाने आपल्या रोगाचा अभ्यास करावा, अन्न वजनकाट्यावर तोलावे, आकडे वहीत लिहावेत, हा त्यांचा परिपाठ होता. शिकवण्यासाठी त्यांनी परिचारिका तयार केल्या आणि त्यांना रुग्णांच्या घरी पाठवले. पुढे गुंतागुंतीवाचून पंचवीस वर्षे काढणाऱ्या रुग्णांना पदक देण्याची प्रथाही त्यांनी पाडली. या शिकवणीचे ऋण फार मोठे आहे. तिच्यातला नैतिक सूर मात्र रुग्णांना जड गेला. साखर आटोक्यात ठेवणारा तो सद्गुणी, ज्याच्या लघवीत साखर उतरली तो बेशिस्त, असा हिशेब नकळत रूढ झाला. तपासणीच्या आदल्या आठवड्यात कडक पथ्य करायचे आणि वहीत सोयीचे आकडे भरायचे, ही जगभरच्या मधुमेही माणसांची जुनी सवय या धाकातूनच आली.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनची पहिली सुई मिळाली आणि पुढची तीस वर्षे मधुमेहाची कथा मुलांची झाली. म्हाताऱ्यांचा मधुमेह सौम्य म्हणून मागे पडला. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा असे दोन प्रकार दाखवले, आणि पन्नाशीनंतर येणारा मधुमेह हा लहानपणच्या मधुमेहाचा सौम्य अवतार नसून वेगळाच विकार असावा असे दिसू लागले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोल्ब्युटामाइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या आल्या. सुई नको असलेल्या वयस्क रुग्णांसाठी हा मोठाच दिलासा होता. पण आता असंख्य माणसांना कसलाही त्रास होत नसताना रोज गोळी घ्यायची होती. तहान नाही, थकवा नाही, दुखत काही नाही, तरी आपण आजारी आहोत यावर विश्वास ठेवायचा. उतारवयातल्या मधुमेहाचा मानसिक प्रश्न आजच्या रूपात उभा राहिला तो येथून.

घरी करायची तपासणीही या प्रश्नाला हातभार लावत होती. बेनेडिक्ट द्रावण निळे असते. परीक्षानळीत साधारण चमचाभर द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी उकळत्या पाण्यात पाच मिनिटे धरायची आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा क्रमाने साखर वाढत जाते. १९४१ मध्ये अमेरिकेत नळीत टाकताच आपोआप उकळणारी गोळी निघाली आणि चूल सुटली. मात्र मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना हिरवा आणि पिवळा यांतला फरक कसा कळावा, हा विचार झाला नव्हता. त्याहून मोठी अडचण शरीरातच होती. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते, आणि म्हातारपणी ही मर्यादा बरेचदा आणखी वर सरकते. त्यामुळे रक्तात साखर भरपूर असूनही नळीतला रंग निळाच राही, आणि तो निळा रंग पाहून माणूस निर्धास्त होई.

याच काळात मानसशास्त्राने मधुमेहात प्रवेश केला, पण चुकीच्या दाराने. १९३० आणि ४० च्या दशकांत कॅन्ससचे विल्यम मेनिंजर, न्यूयॉर्कच्या फ्लँडर्स डनबार आणि शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या प्रभावाखाली मनोकायिक विचारांची लाट आली होती. मधुमेह होणाऱ्यांचे म्हणून एक विशिष्ट व्यक्तिमत्त्व असते, ती माणसे परावलंबी, अनिश्चयी, कुढणारी असतात, अशा अर्थाचे लेखन झाले. ही धारणा टिकली नाही. मधुमेहींमध्ये सर्व स्वभावांची माणसे सापडली, आणि जो कुढेपणा दिसला तो बहुधा रोग जडल्यानंतर आलेला होता. तरी या लाटेने नुकसान केलेच: आधी पथ्य मोडण्याचा दोष रुग्णाच्या माथी होता, आता रोग होण्याचाही आला.

खरा बदल कोणा मनोविश्लेषकाच्या खोलीत झाला नाही. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या साध्या घरांत झाला. तेथील विद्यापीठातल्या ज्युलिया वॉटकिन्स, टी. फ्रँकलिन विल्यम्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकात रुग्णांच्या घरी जाऊन पाहिले. दवाखान्यात प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी रुग्णांना रोजच्यासारखेच सगळे करायला सांगितले: इन्सुलिन भरा, टोचा, लघवी तपासा, जेवा. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनची मात्रा चुकीची घेत होते. त्या काळी इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळे, एका मिलिलिटरला ४० एकक आणि ८० एकक. अनेक सिरिंजांवर दोन्ही मापे छापलेली असत, एक लाल आणि एक हिरवे. कुपी ८० ची आणि डोळा ४० च्या मापावर, असे झाले की मात्रा दुप्पट. जाड भिंगाचा चष्मा लावून, थरथरत्या बोटांनी, स्वयंपाकघरातल्या उजेडात ही बारीक रेघ शोधणाऱ्या माणसाला बेशिस्त म्हणणे आता अशक्य होते. विल्यम्स पुढे वार्धक्यवैद्यकाकडे वळले आणि १९८३ ते १९९१ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचे संचालक राहिले, हा केवळ योगायोग मानता येत नाही.

माणसे सल्ला का पाळत नाहीत याचा शोध दुसऱ्या एका दिशेनेही चालू होता. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेला एक कोडे पडले होते: क्षयासाठी छातीचा एक्स-रे काढून देणारी गाडी फुकट असूनही लोक येत नव्हते. गॉडफ्री हॉकबाम आणि अर्विन रोझनस्टॉक यांनी त्यातून आरोग्यश्रद्धेचे प्रारूप मांडले. हा रोग मला होऊ शकतो का, झाला तर किती वाईट, उपायाने काय साधेल आणि त्याची किंमत काय, या चार प्रश्नांची माणसाची स्वतःची उत्तरे त्याचे वागणे ठरवतात. हे प्रश्न पंचाहत्तरीतल्या माणसाच्या तोंडी घातले की उत्तरे बदलतात. वीस वर्षांनी मूत्रपिंड बिघडेल, हा धाक त्याला फारसा हलवत नाही. उद्या सकाळी न्हाणीघरात तोल जाऊ नये, ही त्याची निकड असते.

१९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी हे आपल्याला जमेल हा विश्वास किती निर्णायक असतो ते मांडले. हॉवर्ड लेव्हेंथल यांनी १९८० च्या सुमारास आणखी एक गोष्ट पुढे आणली: रोगाविषयी प्रत्येकाच्या मनात स्वतःचे एक चित्र असते आणि माणूस त्या चित्रानुसार औषध घेतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना दाब वाढलेला आपला आपल्याला कळतो असे वाटे आणि ते त्या अंदाजावर गोळ्या घेत. मधुमेहातही तेच. आज अंग हलके वाटते म्हणजे साखर ठीक आहे, आज जड वाटते म्हणजे वाढली असेल, हा अंदाज जुन्या रुग्णांना अनुभवाने पक्का वाटतो. प्रत्यक्षात तो भरवशाचा नसतो. वर्षानुवर्षे साखर चढी राहिलेल्या शरीराला तीच सवयीची वाटते आणि ती योग्य पातळीवर आली की उलट गळून गेल्यासारखे होते.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत लिंडा हंट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांशी बोलून इन्सुलिनच्या भीतीचा माग घेतला. इन्सुलिनने आंधळेपण येते, ते सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला, अशा समजुती तेथे आढळल्या. या समजुतींमागे पाहिलेले दुःख होते. आई, मामा, शेजारीण यांना इन्सुलिन सुरू झाले ते रोग फार पुढे गेल्यावर, आणि थोड्याच दिवसांत डोळे किंवा पाय गेले. पाहणाऱ्याने त्यातून जो अर्थ काढला तो त्याच्यापुरता तर्कशुद्धच होता. भारतासह तेरा देशांत २००१ मध्ये झालेल्या डॉन या पाहणीतही इन्सुलिनच्या नावाने चिंता वाटणारे रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. तिने दाखवलेली दुसरी बाब अधिक बोचरी आहे. डॉक्टर मंडळीही इन्सुलिन लांबणीवर टाकत होती आणि कित्येकदा ते धमकीसारखे वापरत होती. पथ्य पाळले नाही तर सुई लावू, असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसाने सुई म्हणजे शिक्षा असे मानले तर त्यात त्याची चूक नाही.

मिशिगन विद्यापीठातील मार्था फनेल आणि रॉबर्ट अँडरसन यांच्या गटाने १९९१ मध्ये रुग्णाला आज्ञापालक मानणेच सोडून दिले. रोज निर्णय घेणारा तोच आहे, तेव्हा निर्णयाचा अधिकारही त्याचाच, ही त्यांची भूमिका होती. १९९५ मध्ये जोस्लिन यांच्याच नावाच्या केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी मधुमेहामुळे येणारा मनस्ताप मोजण्याची प्रश्नावली तयार केली. पथ्य मोडल्यावर अपराधी वाटते का, या रोगासोबत एकटे पडल्यासारखे वाटते का, अशा प्रश्नांना आता गुण मिळू लागले. ज्या परंपरेने साखरेला सद्गुणाशी जोडले, तिच्याच घरात अपराधभाव हा उपचाराचा विषय ठरला.

नैराश्याचा हिशेबही त्यानंतर काही वर्षांनी मांडला गेला. २००१ मध्ये ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा मधुमेहींत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट दिसले. वयस्क माणसे मनस्ताप कमी सांगतात. काही अंशी तो त्यांना खरोखरच कमी होतो. पण उदासी म्हणजे वयाचा भाग असे घरातले आणि डॉक्टर दोघेही धरून चालतात, म्हणून ती निसटतेही. साठीपुढच्या रुग्णांच्या नैराश्यावर नीट उपचार करून पाहणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी प्रयोगातील मधुमेहींचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. त्यांची उदासी कमी झाली, व्यायामाचे दिवस वाढले. रक्तातल्या साखरेची सरासरी मात्र बदलली नाही. मन सुधारले की साखर आपोआप सुधारते, ही सोपी आशा येथे मावळली. तरीही आयुष्याची शेवटची वर्षे उदासीवाचून जाणे ही आकड्याइतकीच मोलाची गोष्ट आहे, आणि उपचारांचे यश केवळ साखरेवर मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

म्हातारे शिकत नाहीत हा समजही याच सुमारास खोटा ठरला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ लोकांवर झालेल्या अमेरिकी प्रतिबंधक प्रयोगाचे निकाल २००२ मध्ये जाहीर झाले. आहार आणि चालणे यांच्या शिकवणीने मधुमेह होण्याचे प्रमाण एकूण ५८ टक्क्यांनी घटले. साठ आणि त्यापुढच्या वयात ते ७१ टक्क्यांनी घटले. सर्वांत चांगला विद्यार्थी सर्वांत वयस्क निघाला. न्यूयॉर्क राज्यात २००० पासून सरासरी सत्तरीच्या १,६६५ मधुमेहींवर दूरवैद्यकाचा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांच्या घरी कॅमेरा आणि संगणक बसवले होते. त्यांतल्या अनेकांनी त्यापूर्वी संगणकाला हातही लावला नव्हता, तरी परिचारिकेशी पडद्यावर बोलून त्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा अधिक सुधारले.

त्यानंतरची काही वर्षे उलटा धडा देणारी ठरली. फेब्रुवारी २००८ मध्ये अकॉर्ड या प्रयोगातला कडक नियंत्रणाचा भाग थांबवावा लागला. १०,२५१ रुग्ण, सरासरी वय ६२. साखर अगदी खाली आणलेल्या गटात २५७ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात २०३. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या नोंदींवरून, साखर फार उतरून रुग्णालयात जावे लागलेल्या वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळतो असे दिसले. व्हर्जिनियात डॅनियल कॉक्स आणि सहकाऱ्यांनी साखर उतरण्याच्या भीतीची मोजपट्टी १९८७ मध्येच केली होती. तिचे महत्त्व आता कळले. एकटी राहणारी म्हातारी बाई रात्री झोपण्यापूर्वी दोन बिस्किटे जास्त खाते, साखर थोडी चढीच ठेवते, कारण रात्री घाम फुटून शुद्ध हरपली तर उठवायला कोणी नाही. पूर्वीच्या वहीत हे पथ्यभंग म्हणून लिहिले गेले असते. तिची भीती रास्त होती, याला आता आकड्यांचा आधार मिळाला.

बोस्टनमध्ये मेधा मुन्शी यांनी सत्तरीपुढच्या मधुमेहींना कागदावर घड्याळ काढायला लावले: गोल, आकडे, काटे. गप्पांत अगदी चोख वाटणाऱ्या कित्येकांचे काटे चुकत होते, आणि ज्यांची ही क्षमता घसरलेली, त्यांची साखरही चढी असल्याचे त्यांच्या २००६ च्या निष्कर्षांत दिसले. मात्रा ठरवणे, जेवण आणि सुई यांची वेळ जुळवणे, चूक लक्षात येताच ती निस्तरणे, ही कामे मेंदूच्या ज्या कौशल्यावर चालतात तेच कौशल्य आधी ढासळते. अशा रुग्णाला पुन्हा समजावून काही साधत नाही. सुया आणि गोळ्या कमी करणे, दिवसाचा क्रम सोपा करणे, हाच उपचार ठरतो. त्यानंतर अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत वृद्धांसाठी साखरेची उद्दिष्टे प्रकृतीनुसार सैल करण्यात आली.

जानेवारी २०१७ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने त्वचेवर चिकटवून सतत साखर मोजणाऱ्या यंत्रांचा खर्च उचलायला सुरुवात केली. २०२० मध्ये साठीपुढच्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवरील प्रयोगात या यंत्रांनी साखर धोकादायक उतरण्याचा काळ कमी झाल्याचे दिसले. यंत्राची सूचना दूरच्या शहरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही जाऊ शकते. कोणाला त्यामुळे रात्री निर्धास्त झोप लागते. कोणाला आपल्या प्रत्येक घासावर लेकरांची नजर आल्यासारखे वाटते आणि ते यंत्र काढून ठेवतात. म्हणून आता यंत्र देण्यापूर्वीच त्याचा आकडा कोणी पाहायचा हे रुग्णाला विचारले जाऊ लागले आहे.